घरी आलेल्यांचे ओंडके

४ ऑक्टोबर १८८७, मंगळवार

पोहोचलो! सकाळी दरीतून निघालो तेव्हा सदरा घामाने भिजत होता, आणि इथे वर पाऊल ठेवलं तोच वाऱ्याने टोपी उडवली. टोपीमागे धावणारा पन्नाशीला टेकलेला माणूस, हे फाजेत गावच्या लोकांना झालेलं माझं पहिलं दर्शन. शेजारची फिलोमेनबाई दारात उभी राहून पोट धरून हसत होती. म्हणाली, आम्ही घंटा वाजवणारा मागवला होता, नाच्या नव्हता मागवला. पण आलाच आहेस तर ये बाबा, सूप गरम आहे. तिचा भाऊ रेजिस मेंढपाळ आहे. तो एक अक्षर बोलला नाही, पण माझं गाठोडं उचलून घरापर्यंत घेऊन आला.

घर लहान आहे. ग्रॅनाइटच्या भिंती, एकच खिडकी, पण चूल आमची. युलाली माझ्याशी लग्न करून आली तेव्हापासून वहिनीच्या चुलीवर, वहिनीचं आटोपल्यावर, आपलं भांडं ठेवत आली. कधी बोलली नाही. आता तिला दाखवीन. ती अजून खाली आहे; यंदाचे चेस्टनट धुराच्या खोलीत वाळताहेत. ते वाळून, कुटून झाले की नाताळच्या आत ती वर येईल.

झोपण्याआधी चुलीपुढे गुडघे टेकून देवाचे आभार मानले.

९ ऑक्टोबर, रविवार

आज सिप्रियँबाबांनी डोंगर दाखवला. सगळ्या गावाचं खेचर त्यांच्याकडे असतं आणि गावाचा शेवटचा शब्दही त्यांचाच. या लोझेर डोंगराला टोकं नाहीत. म्हाताऱ्या बैलाच्या पाठीसारखा तो लांब, गोल, उघडा पडला आहे. मी म्हणालो, एवढा झिजला कसा? बाबा म्हणाले, त्याच्या वयाचा हो, मग तुझे दात मोजू.

डोंगराच्या माथ्यावरच्या धारेवर उभे दगड आहेत. ते कोणी उभे केले हे कुणालाच ठाऊक नाही. त्यांच्या खाली क्रॉस कोरलेले हद्दीचे दगड, ते जुन्या धर्मयोद्ध्यांचे. त्याच्या खाली, आमच्या घरांच्या जरा वर, वरची वस्ती: छप्पर कोसळलेली घरं, चुलीत गवत. पूर्वी इथे सगळीकडे बीचच्या झाडांचं रान होतं म्हणे. मेंढ्यांच्या चराईसाठी ते जाळलं, उरलेलं कोळशासाठी तोडलं. आता काठी हवी तरी दरीत उतरावं लागतं.

मी विचारलं, सगळ्यांत आधी इथे कोण आलं? ते म्हणाले, जो आला त्याला आधीच्या कुणाची तरी राख सापडली.

किती माणसं इथे चूल मांडून गेली. त्या सर्वांसाठी आज जपमाळ ओढली.

१६ ऑक्टोबर, रविवार

माझं काम बाबांनी समजावलं. इथे हिमवादळ आलं की भर दुपारी स्वतःचा हात दिसत नाही. बाहेर असलेला माणूस घराच्या दाराशी येऊन गोठून मरतो. म्हणून वादळ उठलं की घंटा सुरू करायची आणि थांबू द्यायची नाही. आवाजाच्या रोखाने माणसं परत येतात.

थांबायचं केव्हा? त्याचीही रीत आहे. ज्या घरातली सगळी माणसं परत आली, ते घर एक ओंडका आणून घंटाघराच्या भिंतीतल्या झरोक्यातून आत टाकतं. नऊ घरं आहेत. नऊ ओंडके पडले की घंटा बंद. त्यानंतर एक ठोकाही नाही.

मी म्हणालो, दहावं घर माझं. मी येताना चेस्टनटचा एक चांगला ओंडका पाठीवर आणला आहे, त्यावर क्रॉससुद्धा कोरला आहे. फिलोमेनबाई म्हणाली, जो पुरुष स्वतःचं सूप स्वतः ढवळतो त्याच्या घराला आम्ही घर म्हणत नाही. बायको येऊ दे, मग टाक तुझा ओंडका.

बरोबर आहे तिचं. ओंडका चुलीशेजारी ठेवला आहे. युलाली स्वतःच्या हाताने टाकील.

१२ नोव्हेंबर, शनिवार

पहिलं वादळ. न्याहारीनंतर उत्तरेकडून एक पांढरी भिंत चालत आली आणि गाव नाहीसं झालं. मी दोर धरला. झरोक्यातून एकेक हात यायचा, ओंडका टाकायचा, जायचा. नऊ झाले.

पण मला थांबवेना. वाटलं, एखादा फेरीवाला असेल, वाट चुकलेला भिकारी असेल. त्याचं घर या नऊत नाही म्हणून त्याने मरावं? देवाने माझ्या हातात दोर दिला तो काय फक्त नऊ घरांसाठी? मी बाह्या सरसावल्या आणि ओढत राहिलो.

बऱ्याच वेळाने दहावा ओंडका पडला.

कुणीतरी वाचलं! दार उघडून बाहेर धावलो, हाका मारल्या. कुणी नव्हतं. लाजरा असेल. पण मन इतकं भरून आलं की डोळे पुसावे लागले.

१३ नोव्हेंबर, रविवार

ओंडका उजेडात पाहिला. बीचचा आहे, माझ्या कमरेएवढा जाड. करवतीचा नाही, कुऱ्हाडीचा. एवढं जाड झाड या डोंगरावर आता कुठे आहे?

फिलोमेनबाईने मला वाटेत अडवलं. काल नऊ झाल्यावर कोणासाठी बडवत होतास, विचारलं. मी सांगितलं. ती नेहमीसारखी हसली नाही. म्हणाली, डोंगरात जे आहेत त्यांना डोंगरात राहू दे.

२० नोव्हेंबर, रविवार

वरच्या वस्तीतून धूर निघतो आहे. बारीक, सरळ. वारा असूनही सरळ.

वर जाऊन पाहिलं. बिनछपराच्या घरात चूल गरम होती. गवत उपटून बाजूला रचलेलं, दगडी बाक पुसलेला. घर लावलं होतं कुणीतरी. पण बर्फात माझ्याच पावलांखेरीज पाऊल नव्हतं.

बाबांना सांगितलं. त्यांनी खेचराच्या पाठीवर हात फिरवला. मग म्हणाले, घंटेला चेहरे ओळखता येत नाहीत रे प्रिव्हा. या डोंगरावर ज्याची चूल होती आणि जो परत पोहोचला नाही, तो ऐकतच असतो. आपलं माणूस घरी आलं की आपण गप्प बसतो, म्हणून तो उठत नाही. तू बोलावलंस. तो आला. आल्याचं रीतीप्रमाणे कळवलंही.

मी विचारलं, आता? ते म्हणाले, बोलावलेल्या माणसाला परत जा कसं म्हणणार? पण यापुढे नऊवर थांब.

शपथ घेतली.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

वादळ सकाळीच आलं. शपथ पाळली. मनाशी मोजत होतो, सात, आठ, नऊ. नववा पडताच दोर सोडला. लगेच. सुटल्यासारखं वाटलं.

एवढ्यात फिलोमेनबाई दारात उभी राहिली. डोक्यावर बर्फ, छातीशी कवटाळलेला ओंडका. विचारलं, का थांबलास? माझा रेजिस अजून मेंढ्या घेऊन बाहेर आहे. माझा ओंडका तर माझ्या हातात आहे.

मी खाली पाहिलं. नऊच होते. म्हणजे त्यांतला एक गावातल्या कुठल्याच घराचा नव्हता.

पुन्हा दोर ओढला. वादळ सरेपर्यंत ओढला. हात सोलले.

३० नोव्हेंबर, बुधवार

रेजिस सापडला. गोठ्याच्या भिंतीला टेकून बसलेला. दार हाताला लागेल एवढं जवळ.

तो नववा ओंडका मी पाहिला. काळा पडलेला, दलदलीत पुरून राहिल्यासारखा. करवतीचा नाही, कुऱ्हाडीचाही नाही. दगडाने ठेचून, कुरतडून तोडलेला. पहिल्याहून किती जुना, कोण जाणे. ते एकामागून एक येताहेत, आणि दर वेळी आधीचे येताहेत.

फिलोमेनबाई माझ्याशी बोलत नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

६ डिसेंबर, मंगळवार

पाद्रीबाबा येऊन गेले. वरच्या वस्तीवर पवित्र पाणी शिंपडलं, आमलेट खाल्लं, अंधार पडायच्या आत उतरले. जाताना म्हणाले, श्रद्धा ठेव.

श्रद्धा आहे. भीतीही आहे. दोन्ही एकाच खोलीत राहू शकतात हे मला माहीत नव्हतं.

वर आता तीन ठिकाणी धूर आहे. मध्ये घंटा वाजलेली नसतानाही. एकाने दुसऱ्याला सांगितलं असेल का?

युलालीला कळवायला हवं, येऊ नकोस म्हणून. खाली जाणारं कोणी नाही.

१४ डिसेंबर, बुधवार

बाबा आज मिठासाठी दरीत उतरले. मी त्यांच्या हातापाया पडलो, युलालीला आणू नका म्हणालो. ते म्हणाले, वेड्या, तिने ऑक्टोबरपासून तुझ्या भावाच्या घरी निरोप घेऊन ठेवला असेल. ती माझ्याआधी वाटेवर उभी असेल आणि खेचरालाच दरडावील. आकाश स्वच्छ आहे. शनिवारी संध्याकाळच्या आत येतो. खेचराच्या गळ्यातली घंटी ऐकलीस की समज.

खरं आहे. ती थांबायची नाही. स्वतःच्या चुलीसाठी ती अनवाणी येईल.

१७ डिसेंबर, शनिवार. सकाळ

आकाश स्वच्छ नाही.

त्याच दिवशी. दुपार

पांढरं. सगळं पांढरं. घंटाघरात आहे. दोर कमरेला बांधून अंगाच्या भाराने ओढतो आहे, म्हणजे मधे दोन ओळी लिहिता येतात. लिहिलं नाही तर डोकं ठिकाणावर राहणार नाही.

फिलोमेनबाई आली होती. ओंडका झरोक्यातून टाकला नाही, माझ्या हातात दिला. इतक्या दिवसांनी बोलली. म्हणाली, माझ्या भावाला तू कमी पडलास, तिला पडू नकोस. ओढ. आज मोजू नकोस. आणि ऐक, खरोखर घरी आलेला माणूस ओंडका टाकतो आणि निघून जातो. थांब असं जो सांगेल त्याला दार उघडायचं नाही. मग गेली. तिच्या दाराचा अडसर पडल्याचा आवाज मी ऐकला. मग सगळ्या दारांचे अडसर.

तिला माझी दया आली असेल. किंवा युलालीची.

दुपार अजून

ओंडके थांबत नाहीत. बीच. मग पाइन, राळेचा वास येणारा. मग काळे, दगडाने तोडलेले. गुडघ्यापर्यंत ढीग. हातांकडे बघत नाही. एकदा बघितलं—

नको.

*

आता पडला तो ओंडका नव्हता. लांबट दगड. धारेवरच्या उभ्या दगडांसारखा. माणूस लाकूड तोडायला शिकला त्याच्याही आधीचे. त्यांच्याकडे घर म्हणायला काय होतं? आग तरी होती का?

तरी तेही घरीच येताहेत. माझ्या घंटेने. हे देवाच्या आई, यांच्यावरही दया कर, पण माझी युलाली आधी—

*

खेचराची घंटी!

लांब. खूप लांब, धारेकडे. चुकलेत. गोल फिरताहेत. ओढतो. ओढतो आहे.

*

दारावर थाप. रेजिसचा आवाज. जिवंतपणी जो कधी बोलला नाही तो बोलतो आहे, प्रिव्हा, पुरे, सगळे आले. थांब.

थांबलो नाही.

*

घंटी जवळ. उजवीकडे. मग काही नाही. मग पुन्हा.

दारावर युलाली. मी आले रे, म्हणते. हात बघ कसे गार पडलेत, म्हणते. घंटा थांबव आणि चल, चूल पेटवली आहे मी, आपली चूल. तिचाच आवाज. नाकात बोलण्याची तिचीच लकब. मी इतकी वर्षं त्या आवाजाला नाही म्हटलेलं नाही.

पण घंटी अजून लांब आहे. ती खेचरासोबत आहे. ती तिकडे आहे. तिकडेच असली पाहिजे.

झरोक्यातून एक ओंडका आत आला.

चेस्टनटचा.

माझा क्रॉस त्यावर आहे. पण लाकूड राखाडी, पोकळ, फुंकर मारली तर उडेल असं. मी तो दोन महिन्यांपूर्वी तोडला. माझ्या चुलीशेजारी होता. ते माझ्या घरात जाऊन आलेत. माझं घर आता त्यांच्यात मोजलं गेलं.

*

दार हलतं आहे. ढकलत नाहीत. नुसते टेकलेत. सगळे.

ओढतो. घंटी अगदी जवळ. ओढ प्रिव्हा ओढ—

*

आली! सिप्रियँबाबांची शीळ. पहिल्या घराशी. युलाली खोकली, तिचा खोकला, खरा. फिलोमेनचा अडसर निघाला. फिलोमेन तिला आत घे, आत घे. घेतलं. दार लागलं.

पोहोचली.

आता दोर सोडायला हवा. सोडला.

घंटा वाजतेच आहे. दोर माझ्या कमरेला नाही आणि तो वर खाली—

मीही आता त्यांच्यात मोजला गेलो; ही वही झरोक्यातून बाहेर टाकतो. फिलोमेन, तिला वाचून दाखव. युलाली, थोड्या वेळाने मी दाराशी येईन. चूल पेटली का, विचारीन. घंटा बंद करून आलो म्हणेन. तुझं नाव मी घेतो तसंच घेईन. हातात चेस्टनटचा ओंडका असेल. मी कितीही गारठलेला वाटलो तरी, युलाली, कितीही विनवलं तरी मला आत घे—