मुंग्या येतात, एवढंच

बाबा, तू गेलास तेव्हा मुरबाडात पियानो कुणी पाहिलाही नव्हता. तुझ्या टेबलावर यायच्या त्या भजनी मंडळांच्या पेट्या, भात्याचं चामडं उंदरांनी कुरतडलेल्या, आणि शेवटच्या काही वर्षांत ॲम्प्लिफायर. आता माझ्याकडे येतात ते पियानो विजेवर चालतात. बाहेरून लाकडाचे दिसतात, पण आत तार नाही, भाता नाही. एक हिरवी पट्टी असते आणि सगळे आवाज तिच्यात साठवलेले असतात. लॉकडाऊनमध्ये लोकांनी पोरांसाठी ते घरपोच मागवले आणि मग बिघडले की कुणाला विचारायचं ते कळेना. शहापुरात एसटी स्टँडच्या मागे माझं दुकान आहे, पण निम्मं काम फोनवरच होतं. कुणाचे सगळे सूर वर चढलेले असतात, कारण पोराने ट्रान्सपोजचं बटण दाबलेलं असतं. कुणाचा आवाजच येत नाही, कारण हेडफोनची पिन मागे तशीच राहिलेली असते. कुणाचं पेडल उलटं चालतं, पाय काढला की सूर लांबतो आणि ठेवला की तुटतो. मी सांगते, बंद करा, पेडलवरून पाय काढा, मग चालू करा. दोन मिनिटांत होतं आणि लोक असे खूश होतात जसं मी काही मोठं ऑपरेशन केलंय. आलेला प्रत्येक फोन मी वहीत लिहिते, तक्रार काय आणि मी काय सांगितलं. ही सवय तुझीच.

एक दिवस मला सारखा आठवतो. मी तेरा वर्षांची आहे. तुझं टेबल भरलेलं, म्हणून एका मंडळाचा ॲम्प्लिफायर तू स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला ठेवलायस. आई भाकऱ्या थापतेय. मी नुकती भांडी घासून उठलेय, हात ओले, पाय अनवाणी, खाली शेणाने सारवलेली कोरडी जमीन. येता-जाता मी त्या पत्र्यावर तळवा टेकवते आणि हाताला गुदगुल्या झाल्यासारखं होतं. मी हसते. पुन्हा टेकवते. आईला म्हणते, बघ गो, मुंग्या येतात. तू मागच्या दारातून आलास आणि काही न बोलता आधी बटण बंद केलंस, मग पिन काढलीस, मग माझा हात धरलास. इतका घट्ट की आठवडाभर वळ राहिले. तू आयुष्यात माझ्यावर हात उगारला नव्हतास, त्या दिवशीही नाही उगारलास. एवढंच म्हणालास, "हसतेस काय? ती वीज तुला विचारतेय, पाय कुठं ठेवलेस म्हणून. आज उत्तर बरोबर दिलंस. उद्या नाय देशील." दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना तू माझ्यासाठी टेस्टर आणलास. बारका, पारदर्शक मुठीचा, आत दिवा असलेला. माझ्या बरोबरीच्या पोरींना जत्रेतल्या बांगड्या मिळत होत्या. मी रुसले होते, ते तुला कळलं नव्हतं असं मी इतकी वर्षं धरून चालले.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर वैशाखऱ्याच्या पुढच्या एका वाडीतून फोन आला. बालवाडीत शिकवणारी एक बाई, वयाने माझ्या निम्मी, समाजमंदिराच्या हॉलमध्ये दुपारी चारनंतर पोरांना पियानो शिकवते. स्वतः यूट्यूबवरून शिकली आणि जेवढं येतं तेवढं पुढे देते. मुंबईला गेलेल्या कुणीतरी पियानो आणि ॲम्प्लिफायर गावाला दिलेला. तिची तक्रार होती की वाजवत नसतानाही पियानो घूं करतो आणि मधूनच सूर अडकून राहतो. मी नेहमीचं सगळं सांगितलं. वायर काढून परत लावा, पेडलची पिन साफ करा, ही दोन बटणं दाबून धरून चालू करा म्हणजे सगळं मूळपदावर येईल. तिने तसं केलं, सूर अडकायचा थांबला. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "ताई, अजून एक. पेडलवर पाय ठेवला की पोरांना मुंग्या येतात म्हणतात."

दुकानात दोन माणसं उभी होती. मी म्हणाले, दोन पिनांच्या अडॅप्टरला तेवढं येतंच, काही होत नाही, पोरांना चपला घालायला सांगा. हे खोटं नव्हतं, बाबा. त्या अडॅप्टरमधून खरंच थोडी वीज पाझरते आणि तिने काही होत नाही. शंभरातल्या नव्याण्णव वेळा हेच उत्तर असतं. पण पियानो आणखी कशाला जोडलाय का, त्या दुसऱ्या वस्तूची पिन कसली आहे, जमीन कसली आहे, हे मी विचारलं नाही. वहीत लिहिलं, 'झिणझिण्या, काही नाही', आणि पुढच्या माणसाकडे वळले.

तीन आठवड्यांनी तिचा परत फोन आला. घूं वाढली होती. एक लहान मुलगी पियानोपाशी बसायलाच तयार नव्हती, तो चावतो म्हणत होती. बाई हे सांगताना हसत होती. मी चपलांचं विचारलं, तर म्हणाली, हॉलमध्ये देवाची तसबीर आहे, चपला लोखंडी जाळीच्या दाराबाहेरच काढाव्या लागतात. मग असंच बोलता बोलता सांगितलं की आज सकाळी दारात निजणारा कुत्रा मेलेला सापडला, रात्री पावसात भिजला होता, काहीतरी जनावर चावलं असेल म्हणतात. माझ्या हातातला पेन तिथेच राहिला. मी विचारलं, कुत्रा नेमका कुठे होता? ती म्हणाली, जाळीला अंग लावून. मी तिला सांगितलं की मी येईपर्यंत दार उघडू नका, जाळीला बोट लावू नका, पोरांना आज येऊ नका म्हणून कळवा. ती हो म्हणाली, पण तिच्या आवाजावरून कळत होतं की हे तिला जरा जास्तच वाटलंय.

मुरबाडला एसटी बदलली. टोकावड्याच्या पुढे डोंगर दिसेनासे झाले, गाडीचे दिवे दुपारीच लावले होते आणि तरी समोर दहा हातांपलीकडे काही नव्हतं. तिचा फोन लागत नव्हता. मी आपली मनात हॉल मांडत होते, जो मी पाहिलाही नव्हता. ॲम्प्लिफायर इथे, पियानो इथे, दार इथे.

मी पोचले तेव्हा चाराला थोडा वेळ होता आणि ती पायरीवर उभी होती. हातात किल्ली. निरोप सगळ्या घरी पोचला नव्हता, म्हणून येतील त्यांना आत बसवू, बाहेर भिजतील, असा तिचा विचार. वाऱ्याने पाऊस आडवा होऊन ओसरीत घुसला होता, फरशीवर पाणी वाहत होतं. एरवी तिच्या पायात रबरी चप्पल असायची. आज चिखलामुळे तिने ती खालीच काढली होती. किल्लीचा हात कुलपाकडे गेला आणि मी रस्त्यावरून ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. ती दचकून मागे सरकली. मी माझे रबरी बूट पायरीवर नीट टेकवले, पिशवीतून टेस्टर काढला, त्याचं टोक जाळीला लावलं. दिवा असा लागला जसा भिंतीतल्या सॉकेटमध्ये लागतो. तिने तो पाहिला आणि हळूच स्वतःचा उजवा हात डाव्या हातात धरला. मग म्हणाली, "रोज कुलूप उघडताना बोटांना व्हायचं. मला वाटायचं माझीच नस दबलीये."

मीटर आणि मेन स्विच आत, त्या दाराच्या पलीकडे. म्हणजे डीपीवरूनच, गावच्या ट्रान्सफॉर्मरपाशी, वीज बंद करायला हवी होती. तिने लाइनमनला फोन लावला, तो खालच्या गावात होता, वीस मिनिटं म्हणाला. ती वीस मिनिटं, बाबा. पोरं एकेक करून येत होती, डोक्यावर प्लास्टिकची इरली, कुणाच्या हातात वही. ओसरीच्या छपराखाली यायला बघत होती. आम्ही दोघी हात पसरून पायरीखाली उभ्या. एका पोराला तो खेळच वाटला, तो आमच्या हाताखालून निसटायला बघत होता आणि मी त्याचा सदरा मागून धरून ठेवला होता. कुणी हुंदडत होतं, कुणी कुडकुडत होतं, आणि त्यांच्या मागे ते दार अगदी साधं, निळ्या रंगाचं, पाण्याने चकचकीत झालेलं.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ नातीला घेऊन आले. पोरं पावसात उभी पाहून चिडले आणि सरळ पायरी चढले. मी आडवी आले. ते म्हणाले, "या हॉलच्या विटा मी वाहिल्यात. तू कोण मला अडवणारी?" आणि त्यांनी जाळीकडे हात केला. मी तो हात चापट मारून खाली पाडला. बापाच्या वयाच्या माणसावर मी हात टाकला होता. ते माझ्याकडे बघतच राहिले, आणि मी तशीच त्यांच्या आणि जाळीच्या मधे उभी राहिले. शेवटी बाईनेच त्यांना कुत्र्याचं सांगितलं. ते ऐकून म्हातारा सावकाश पायरी उतरला आणि नातीकडे बघत राहिला. चावतो म्हणणारी मुलगी तीच होती.

समोरच्या घरातला दिवा गेला तेव्हा कळलं की वीज बंद झाली. लाइनमनने खात्री करून सांगितल्यावरही मी टेस्टर दोनदा लावला. मग आत गेलो. बोर्ड उघडल्यावर सगळं दिसलं. सॉकेटच्या तिसऱ्या भोकातली तार जमिनीत गाडायची असते. वायरिंग करणाऱ्याने खड्डा खणायचा कंटाळा केला होता आणि ती न्यूट्रललाच, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेलाच, जोडून दिली होती. मग पावसात भिंत ओली होते म्हणून यंदा उन्हाळ्यातच बोर्ड आतल्या बाजूला हलवला, तेव्हा दोन मुख्य तारा, वीज आणणारी आणि न्यूट्रल, उलट्या लागल्या. त्या दिवसापासून जी तार माणसाला वाचवायची तीच वीज घेऊन हिंडत होती: ॲम्प्लिफायरच्या पत्र्यात, तिथून पियानोत, पियानोतून लोखंडी पेडलमध्ये, आणि दारावरच्या दिव्याच्या डब्यातून जाळीत. जमीन कोरडी होती तोवर फक्त मुंग्या येत होत्या. पियानोत काहीच बिघाड नव्हता. तो घूं घूं करून सांगत होता तेवढंच.

म्हातारा दारात चौकटीपासून दूर उभा होता. मी निघताना मला म्हणाला, "परवा मी हिला मारली. खोटं बोलतेस म्हणून." मी त्याला म्हणायला हवं होतं की तिचं खरं न मानणारे तुम्ही एकटेच नाही. मी मान हलवली आणि एसटीच्या दिशेने चालू लागले. आठवड्याने दुसरा वायरमन बोलावून खड्डा खणला, तारा नीट केल्या, गळती झाली की आपोआप पडणारा स्विच बसवला. मी स्वतः जाऊन सगळं तपासलं. ती मुलगी अजून पियानोपाशी बसत नाही. बाई म्हणते, बसेल हळूहळू. बसली नाही तरी मला चालेल.

त्यानंतर मी वही काढली. गेल्या दोन वर्षांत 'झिणझिण्या, काही नाही' असं मी ही वाडी सोडून आणखी सात ठिकाणी लिहिलंय. माझंच अक्षर, तेच शब्द. एकेकाला फोन केला. पियानो कशाला जोडलाय, पिन कसली, पाय कुठे असतात, सगळं विचारलं. सहा जण बोलले. काही हसले, एकीने म्हटलं ताई तुम्ही आता घाबरवताय. किन्हवलीत एका घरी अर्थिंगच नव्हतं, ते करून घेतलं.

सातवे एक गृहस्थ आहेत. धरणावर नोकरी करून निवृत्त झाले, भातसानगरच्या अलीकडे स्वतःचं घर बांधलंय, बायको गेल्यावर एकटेच राहतात. रोज पहाटे आंघोळ करून ओल्या अंगानेच एका बोटाने अभंग वाजवतात, हे त्यांनीच मला कौतुकाने सांगितलं होतं. फाल्गुनात त्यांनी विचारलं होतं की हाताला जरा चुणचुण होते, चालेल ना? मी म्हणाले, चालेल काका. आता त्यांचा फोन बंद येतोय. आज नऊ दिवस झाले. कदाचित मुलाकडे गेले असतील, कदाचित नंबर बदलला असेल, लोक बदलतात. त्यांच्या घराचा पत्ता माझ्याकडे आहे. दुकानापासून अर्ध्या तासाचा रस्ता आहे.

हे मी वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय, ते कुठे पाठवायचं नाहीच. आईलाही दाखवणार नाही. एवढंच तुला सांगायचं होतं, बाबा, की मी रोज सकाळी स्टँडवर जाते, भातसानगरची एसटी लागलेली असते, माणसं चढतात, ती माझ्यासमोर सुटते, आणि मी अजून तिच्यात बसलेले नाही.