घास कॉइन आणि मी, संस्थापक

३ जून, सकाळ
आजपासून आपलं हॉटेल हे हॉटेल नाही, कम्युनिटी आहे! बिल क्रिप्टोत चालेल, शिवाय आपलं स्वतःचं घास कॉइन. प्रत्येक निर्णय मतदानाने. जितकी कॉइन्स तितकी मतं. नियम इतका पक्का करून घेतलाय की मलासुद्धा बदलता येणार नाही. रोज लॅपटॉप घेऊन बसणाऱ्या एका गिऱ्हाइकाने हे काम फुकट केलं, फक्त आयुष्यभराची कॉफी मागितली. बायको म्हणाली, अहो, हॉटेल माझ्या बाबांनी उभं केलंय, एवढं लक्षात ठेवा. हिला व्हिजन नाही.

५ जून
पगारापुरती गल्ल्यात ठेवून बाकीची माझी कॉइन्स गिऱ्हाइकांत वाटून टाकली, स्वतःला एकच ठेवलं. संस्थापकाला हाव शोभत नाही. आता कुणाला गिऱ्हाईक म्हणायचं नाही, मेंबर म्हणायचं. कोपऱ्यातले आजोबा म्हणाले, मेंबर म्हणा नाहीतर जावई म्हणा, सूप गार आहे.

११ जून
तुफान गर्दी! टेबलं सकाळपासून भरलेली. बिल मात्र कुणी देत नाही. कॉइनचा भाव वर गेला की देऊ म्हणतात, तोवर बसतो. मेंबरला उठा म्हणायचं नाही, असा ठराव पास. विरोधात एक मत, माझं. चालायचंच.

१४ जून
आचाऱ्याला आणि भांडीवाल्या मावशींना पगार घास कॉइनमध्ये दिला. आचाऱ्याने विचारलं, हे घरमालकाला दाखवू का? म्हटलं, छाती पुढे काढून दाखव.

१५ जून
आचारी आला नाही. मावशीही नाहीत. पण डगमगतो तो संस्थापक कसला! ऑम्लेट स्वतः केलं. मेंबरांनी मतदान घेऊन परत पाठवलं.

१६ जून
दोघंही परत आले! बायकोने त्यांची सगळी कॉइन्स रोख देऊन घेतली म्हणे. टेबलं अडवून बसलेल्यांचीही घेतली, बिल वजा करून. पैसे मिळताच मंडळी पटापट उठली. शेवटी पटलं हिला! डोळे भरून आले माझे. हातात बांगड्या दिसल्या नाहीत. हल्ली मोकळ्या हातांची फॅशन असावी.

२० जून
मतदान. क्रिप्टो बंद, बिल रोख. संस्थापकांनी मावशींच्या हाताखाली भांडी घासावीत. प्रचंड बहुमताने पास. बहुमत म्हणजे बायको.

२१ जून
लॅपटॉपवाल्याला हात जोडले, बाबा रे, नियम बदल. तो म्हणाला, पक्का करा असं तुम्हीच सांगितलं होतं. वर कॉफी मागितली. द्यावी लागली.

२३ जून
मावशी म्हणतात, तळ नीट घासा, साहेब. साहेब म्हणतात अजून. पद शाबूत आहे.

२४ जून, दुपार
राजीनामा मतदानाला टाकला. नामंजूर. बायको म्हणाली, बांगड्या सोडवून आणेपर्यंत कुठेही जायचं नाही. म्हणजे फॅशन नव्हती ती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणल्यावर तरी सुट्टी का, असं हळूच विचारलं. ती म्हणाली, आणल्यावरही नाही. मग पदर खोचून शेजारी उभी राहिली आणि मी घासलेली कढई पुन्हा घासायला घेतली.