दोन दिवसांत अप्पांना घेऊन येतो

३ फेब्रुवारी, सोमवार

निर्णय झाला. अप्पांना परत आणायचं. गेल्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशननंतर हवापालट म्हणून आठ दिवस बेबीकडे गेले, ते तिकडेच राहिले. बेबी म्हणजे माझी धाकटी बहीण, वय पंचेचाळीस. अप्पा भिडस्त. 'मला घेऊन जा' असं तोंडाने म्हणायचे नाहीत. पण मी मुलगा आहे, मला कळतं. फोनवर 'मजेत आहे' म्हणतात तेव्हा आवाजात काहीतरी असतं.

निवृत्तीमुळे मलाही आता सवड आहे. म्हणजे वेळ जात नाही असं अजिबात नाही. ही सकाळी ऑफिसला गेली की मला शंभर कामं असतात. आज कपाटं लावली. जेवून पुन्हा लावली.

हिला म्हणालो, दोन दिवसांत अप्पांना घेऊन येतो. ही म्हणाली, त्यांना विचारलंत का? म्हणालो, अशा गोष्टी विचारायच्या नसतात.

४ फेब्रुवारी, मंगळवार, संध्याकाळ

पोचलो. बसने जेमतेम दोन तास. तरी बेबीच्या लग्नाला इतकी वर्षं झाली आणि मी येतोय तिसऱ्यांदा. कारण साधं आहे. इथे जे आहे ते सगळं आमच्याकडे आहे, शिवाय मोठं आहे. इथल्या रस्त्यावरच्या पाट्यासुद्धा बाण करून आमचंच शहर दाखवतात.

बेबीला म्हणालो, छान आहे हं तुमचं गाव. ती म्हणाली, शहर, दादा. विद्यापीठ आहे, म्युझियम आहे. म्हणालो, हो हो, शहर. या बाबतीत इथले लोक फार हळवे आहेत.

अप्पा घरी नव्हते. कुठे गेलेत विचारलं तर मेहुणे, म्हणजे बेबीचे यजमान, गालातल्या गालात हसले. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, सवयीने समोरच्याकडे रोखून बघतात. मी विषय बदलला.

अप्पा सातला आले. पार वाळलेत. बेबी म्हणाली, तीन किलो वाढलेत. सांगितलं, अप्पा, उद्या सामान भरू. म्हणाले, कोणाचं?

ऐकायलाही कमी येतंय बहुतेक. घाई करायला हवी.

५ फेब्रुवारी, बुधवार

शांततेमुळे झोप नाही. आमच्याकडे खालून ट्रक जातात, माणसाला सोबत वाटते.

बॅग भरून दारात ठेवली. अप्पांनी इस्त्रीचा शर्ट चढवला, चहा घेतला, 'जरा जाऊन येतो' म्हणाले आणि गेले. मला एका जागी बसवेना. ब्रश लागला म्हणून बॅग पुन्हा उघडली. मग म्युझियम बघून टाकायचं ठरवलं.

दुपार. मुख्य दालनात इथल्या प्रसिद्ध पितळी घोड्याची काचेची मोठी पेटी. आत घोडा नाही, चिठ्ठी. घोडा सध्या मोठ्या शहरातल्या संग्रहालयात आहे म्हणे. म्हणजे आमच्याकडे! पहारेकऱ्याला सांगितलं, मी तिथलाच. त्याचे डोळे चमकले. कसा आहे हो घोडा, त्याने विचारलं. म्हणालो, भव्य. (एकदा बघून यायला हवा.)

नंतर टेकडीवरचा मनोरा. गुडघे बोलायला लागले. वरून काय दिसतं विचारलं, तर तिकीटवाली म्हणाली, हवा स्वच्छ असली की तुमचं शहर दिसतं. हवा स्वच्छ नव्हती. तरी बराच वेळ त्याच दिशेला तोंड करून उभा राहिलो. हिला फोन केला. मीटिंगमध्ये होती.

६ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळ

काल अप्पांशी स्पष्ट बोलणार होतो, पण जेवले आणि लगेच झोपले. लवकर उठायचंय म्हणे. कशासाठी? ब्याऐंशीव्या वर्षी? मला दाट संशय आहे की बेबी त्यांना राबवते. आज गुपचूप मागे जाणार.

दुपार. अप्पा गल्लीबोळांतून सटकले, मी रस्ता चुकलो. ज्याला रस्ता विचारला त्याने मला बस स्टँडवर धाडलं. परका माणूस दिसला की तो परत जायलाच निघालाय अशी यांची समजूत. म्हटलं, आलोच आहोत तर उद्याची दोन तिकिटं काढून ठेवावीत.

खिडकीपाशी भली मोठी रांग. माझं काम छोटं, म्हणून बाजूने जरा पुढे गेलो. एवढ्यात वरच्या भोंग्यातून आवाज आला, हिरव्या स्वेटरवाल्या गृहस्थांनी रांगेत उभं राहावं. सगळे स्वेटर बघायला लागले. मी दुर्लक्ष केलं. भोंगा पुन्हा म्हणाला, बाळ्या, रांगेत.

गेलो रांगेत.

अप्पा! काचेच्या केबिनमध्ये, समोर माइक, डोक्यावर पंखा. स्टँडवरच्या गाड्या पुकारतात. आणि नुसत्या पुकारत नाहीत. फलाट तीनवर गाडी लागत आहे, चढताना मुलांचे हात धरा, पाणी भरून घ्या, वाटेत थांबा नाही. स्टँडचा साहेब मला म्हणाला, आधी काय पुकारतात ते देवालाही कळायचं नाही, आजोबा आल्यापासून कोणाची गाडी चुकत नाही. म्हणालो, ते तात्पुरते आहेत. तो घाबरला. माझ्यासाठी चहा मागवला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बोललो. केबिनमध्येच, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात. मुद्दे पाठ होते. मोठं हॉस्पिटल, लिफ्ट, स्वतंत्र खोली. अप्पा ऐकायचे, मध्येच हात वर करायचे, गाडी पुकारायचे आणि म्हणायचे, हं, बोल. लिफ्टचा मुद्दा मी तीनदा सुरू केला.

शेवटी म्हणाले, बाळ्या, तुझ्याकडे काही कमी नव्हतं रे. पण दिवसाकाठी मला कोणी काही विचारत नव्हतं. इथे मी बोललो की माणसं सामान उचलतात.

म्हणालो, पण आता मी असतो की घरी. दिवसभर.

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. एक गाडी न पुकारताच लागली आणि बाहेर पळापळ झाली. मग हळूच म्हणाले, चौकशीच्या खिडकीला सकाळचा माणूस हवाय. बसतोस? बेबीकडे वरची खोली रिकामीच आहे.

हसू आवरेना. हेड ऑफिसचा अख्खा खरेदी विभाग सांभाळलेला माणूस मी. मी काचेच्या भोकातून 'फलाट चार' सांगत बसू? नम्रपणे नकार दिला. साहेबाला फार लागलं असणार. तो फोनवर होता, त्यामुळे चेहरा दिसला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार, बसमध्ये

अप्पांना तूर्त तिथेच ठेवायचा निर्णय मी घेतला. हवा मानवते त्यांना.

आमची गाडी अप्पांनीच पुकारली. पाणी भरायला सांगितलं, भरलं. गाडी हलल्यावर मी हात केला, तर भोंगा म्हणाला, खिडकीतून हात बाहेर काढू नका.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळपासून तीनदा खाली जाऊन आलो. वॉचमनला विचारलं, काही मदत हवीये का. नको म्हणाला. घोडा बघायला जायचं होतं, पण मंगळवारी बंद असतो.

शांतपणे विचार केला. अप्पांचं वय झालं. कोणीतरी जवळ हवं. मुलगा म्हणून एवढा त्याग मला करायलाच हवा. खिडकी स्वीकारतो. तात्पुरती. चार पाट्या नीट लावल्या तर त्या स्टँडचं सोनं होईल.

हिला वाईट वाटेल म्हणून हळूहळू सांगितलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हिने माळ्यावरची मोठी बॅग काढून दिली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अप्पांना फोन केला. म्हणालो, तुम्ही एवढा आग्रह केलात, तर येतो मी खिडकीवर. अप्पा म्हणाले, अरेरे, ती सोमवारीच भरली की रे. निवृत्त शिक्षिका आहेत एक. फार हुशार बाई. सगळं वेळापत्रक तोंडपाठ.

म्हणालो, बरंच झालं, मला तरी कुठे सवड होती. पाट्यांबद्दल सांगणार होतो, पण अप्पा म्हणाले, थांब हं, गाडी लागली. फोन तसाच टेबलावर ठेवला असावा. पुकारलेलं सगळं स्वच्छ ऐकू आलं. आमच्याच शहराची गाडी होती. ऐकलं. त्यानंतरची गाडीही ऐकली. तिसरीच्या आधी कोणीतरी फोन बंद केला.