लव्हाळ्यात एकही टाचणी नाही

दि. ३ जून

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोचल्याचं कळवायला तुला आठवडा लागला, त्याअर्थी तब्येत ठणठणीत असणार. माझीही बरी आहे. वाचनालयात नवीन कपाटं आलीत आणि ती लावून लावून माझी पाठ धरलीय, एवढंच.

माझ्या व्याख्यानाला तू पहिल्या रांगेत बसलास आणि चक्क झोपला नाहीस, हे मी इथे दिसेल त्याला सांगत सुटलेय. लहानपणी मी पाखरं दाखवायला लागले की तुझं पोट दुखायचं. आता तोच तू वाचनालयाच्या वरच्या खोलीतल्या आमच्या पाखरांच्या नकाशासमोर अर्धा तास उभा राहिलास, त्याचा फोटो काढलास. आमच्या पक्षिगटातले चष्मेवाले तर म्हणाले की तळ्याच्या खात्यात असा एक तरी माणूस आहे म्हणजे आपलं नशीब. मला बरं वाटलं.

तू विचारलंस तेव्हा कानात सांगितलं, ते कानातच ठेव. रविवारच्या फेरीत कुणाला काय दिसलं त्याची टाचणी आम्ही नकाशावर टोचतो. फक्त लव्हाळ्याची बाजू मुद्दाम कोरी ठेवतो. जांभळ्या पाणकोंबड्या तिथे घरटी करतात. पूर्वी एकदा टाचणी टोचली, तर पुढच्या रविवारी फोटोवाल्यांची जत्रा लोटली आणि घरटी उठली. तेव्हापासून तिकडे पाऊल टाकायचं नाही आणि टाचणीही टोचायची नाही, हा माझा नियम. गटातल्या नर्सबाईंसारखी तोंडाने सैल बाई, पण तीसुद्धा पाळते.

भाचीला आत्याचा पापा. दुर्बीण मागत होती, तिला माझी जुनी देईन. माया आहेच, ती पत्रातूनही दाखवत जा.

तुझी
ताई

दि. १० जून

ती. ताईस,
शि. सा. न.

पाठीला शेक घे आणि कपाटं दुसऱ्या कुणाला तरी उचलू दे. तू ऐकणार नाहीस, तरी लिहितो.

तुझा नकाशा मी ऑफिसात दाखवला. साहेब खूश झाले. तळ्याचं काही भलं करायचं त्यांच्या मनात आहे, पण फाइलला कागद लागतो. तर एक काम कर. नकाशातल्या नोंदी पूर्ण आणि तपासलेल्या आहेत, तुमच्या गटाने तळ्याचा सगळा काठ वर्षानुवर्षं पाहिला आहे, असं दोन ओळींत लिहून सही करून पाठव. लव्हाळ्याचं मात्र त्यात काही लिहू नकोस. इथे कागद दहा हातांतून जातो, फोटोवाल्यांच्या कानावर जायला वेळ लागणार नाही. ते माझ्यावर सोड, मी साहेबांना तोंडी सांगतो.

तुझी भाची दुर्बिणीसाठी रोज माझं डोकं खाते. आम्हा सगळ्यांवर आहे तसाच जीव असू दे.

तुझा
बारक्या

दि. १५ जून

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबत कागद आहे. तू सांगितलंस तसाच लिहिलाय, शब्द इकडचा तिकडे नाही. लव्हाळ्याचं तुला आपणहून सुचलं, याचं मला फार कौतुक वाटलं. माझ्या ते डोक्यातही आलं नसतं. मी भाबडेपणानं सगळं लिहून मोकळी झाले असते.

रविवारी खंड्या दिसला, अगदी हाताच्या अंतरावर. नर्सबाई इतक्या जोरात शिंकल्या की तो गेलाच, मग सगळे त्यांच्यावर रुसले. दुर्बीण पुसून ठेवलीय. तुम्ही तिघं सवड काढून या, एवढंच मागणं.

तुझी
ताई

दि. ९ जुलै

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

काल वाचनालयाच्या दारावर तुमच्या खात्याची नोटीस लागली. लव्हाळे काढून तिथे भराव घालणार, होड्यांचा धक्का आणि गाड्या लावायची जागा करणार. खाली कारण दिलंय की स्थानिक पक्षिगटाच्या नकाशात लव्हाळ्यात एकही टाचणी नाही, आणि नकाशा पूर्ण असल्याचं गटाच्या प्रमुख बाईंनी स्वतः लिहून दिलं आहे. शेजारी माझ्या कागदाची प्रत, माझ्या सहीसकट. आराखड्याखाली सही तुझी.

मी ती नोटीस उभ्यानं दोनदा वाचली. संध्याकाळी चष्मेवाले आले. बसले नाहीत. किती मिळाले एवढंच विचारून गेले. नर्सबाई समोरच्या फुटपाथवरून मान वळवून गेल्या. ज्यांना मी पहाटे उठवून गवतात न बोलता चालायला शिकवलं, त्यांना वाटतं मी तळं विकलं. त्यांचा राग कसा धरू? सही माझीच आहे.

बारक्या, कुणी तुझ्यावर जबरदस्ती केली का? तुझ्या नकळत कुणी माझा कागद वापरला का? तसं असेल तर लगेच लिही. मी सगळं सोडून तुझ्या बाजूनं उभी राहीन. पाखरांसाठी आपण जे कोरं ठेवलं, तेच त्यांच्यावर उलटवायची बुद्धी तुला आपणहून झाली असेल, असं माझं मन अजून मानत नाही.

वाट पाहते.

ताई

दि. १४ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न.

तू फार मनाला लावून घेतेस. धक्का होणार हे वरून केव्हाच ठरलं होतं, मी नसतो तर दुसऱ्या कुणी केलं असतं. फाइल अडली होती ती फक्त एका कागदावर. माझी बढती त्यावर होती. नाहीतर बदली लांब, मुलीची शाळा, बायकोची नोकरी, सगळा विचका झाला असता. तुला एकटीला हे कळायचं नाही. पाखरांचं काय, त्यांना पंख आहेत, जातील पलीकडे.

आता हात जोडून एक मागतो. हरकती घ्यायची मुदत चालू आहे. तू काही लिहू नकोस, आणि माझं ते पत्र कुणाला दाखवू नकोस. लव्हाळ्याचं मला आधी माहीत होतं हे उघड झालं, तर माझी नोकरी जाईल. घरातली गोष्ट घरात राहू दे. थोड्या दिवसांनी लोक विसरतील. राग ओसरला की आम्हाला परत जवळ घे.

तुझा
बारक्या

दि. २४ जुलै

मा. आराखडा अधिकारी साहेब यांस,
स. न. वि. वि.

लव्हाळे काढण्यास माझी हरकत आहे. हे पत्र हरकतीचा अर्ज म्हणून दाखल करून घ्यावे.

आपण पंखांचं लिहिलंत. अंड्यांना ते नसतात, आणि सध्या लव्हाळ्यात अंडी आहेत. हे मी आता डोळ्यांनी पाहून लिहितेय, कारण गेल्या रविवारी मी माझा नियम मोडला. वाचनालयात सगळ्यांना बोलावलं, आपलं १० जूनचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हटलं की माझ्यावर विश्वास ठेवू नका, चला आणि स्वतः पाहा. चष्मेवाल्यांनी फोटो काढले, ते सोबत आहेत. घरटी किती आहेत ते त्यात दिसेल. परतताना नर्सबाईंनी माझा हात धरला.

आम्ही एवढी माणसं आत शिरल्यावर काठाजवळच्या घरट्यावरची पाणकोंबडी उठली. मी रोज लांबून पाहते. ती परत आली नाही. ती अंडी माझ्यामुळे वाया गेली आणि ते मला कायम सलत राहणार. एवढं करून लव्हाळे वाचले नाहीत, तर मी कुठे तोंड दाखवू?

त्या पत्राची नक्कलही जोडली आहे. ती जोडू की नको, यावर मी बरीच रडले. तुमची नोकरी जाईल, मुलीची शाळा सुटेल, हे मला कळतं. एकटी असले तरी कळतं. तुम्ही नुसतं फसवलं असतं तर मी गिळलं असतं, आजवर तुमचं बरंच गिळलंय. पण माझी काळजी घेतल्यासारखं दाखवून माझ्याच हातानं ते लिहून घेतलंत, आणि मी त्याचं कौतुक केलं. ते मला गिळता येत नाही.

सुनावणीला मी येईन. टेबलापलीकडे आपण असाल तर मी आपल्याला साहेबच म्हणेन.

अर्जाच्या शेवटी 'आपली विश्वासू' लिहायची रीत आहे. पेन टेकवून बराच वेळ बसले, पण ते लिहवेना. नुसती सही करते.