मोहनसिंगच्या बँडची काळी खिडकी

मु. अनसिंग
सोमवार (निदान बाजारावरून तरी तसंच वाटते)

आदरणीय देवमन मामा,

सविनय जयभीम. तुमची कंबर अन् मामीचा गुडघा दोघंही बरे असतील. इंझोरीत सुकेशनीच्या लग्नाची धामधूम चालू असंल. बँडची चिंता बिलकुल करू नका. ते काम तुमी माझ्यावर टाकलं, अन् मी आता मोहनसिंगभाऊच्या बँडात नुसता खुळखुळा वाजवत नाही, कॉम्प्युटर पाह्यतो. (पुण्याची नोकरी काहून सुटली ते समोरासमोर सांगतो. नाशिकचीही.)

मोहनसिंगभाऊ लग्नांच्या तारखा शेडच्या भिंतीवर खडूनं लिहायचे. मी म्हटलं, भाऊ, जमाना ब्राउझरचा आहे. तारखा वेबसाइटवर चढवल्या अन् भिंतीले चुना मारला. (चुना काय बसला म्हणता, मामा! रंगारीच व्हायले पाह्यजे होतं मी.) पण माझा स्वभाव तुमाले माहीत आहे, कोणाले नाही म्हणवत नाही. ब्राउझर ‘अलाउ?’ विचारे, मी अलाउ करे. फुकटात गाण्यांच्या धुना उतरवून देणारं, ब्राउझरले जोडायचं एक एक्स्टेन्शन म्हणालं, तुमी जे जे उघडता ते सगळं वाचू का? म्हटलं, वाच बाप्पा, माह्यं कोण वाचते. पासवर्डही ब्राउझरच ध्यानात ठेवे, म्हणून जो खुर्चीवर बसला तो मोहनसिंग. मंग काय, बँडच्या नावानं साऱ्या नवरदेवांले वजन घटवायच्या पावडरचे मेसेज गेले. आसेगावच्या एका नवरदेवानं ते फारच मनावर घेतलं.

तवा माझ्या खोलीतला करण (तो वाशीमले कॉम्प्युटर शिकते) म्हणाला, टर्मिनलवर ये. म्हणजे नुसती काळी खिडकी. चित्र नाही, जाहिरात नाही, कोणी दार वाजवत नाही, आपण लिहाव अन् तिनं ऐकाव. त्यानं तारखांचा छोटा प्रोग्राम बसवून देला, अन् वेबसाइट बंद करून साऱ्या तारखा त्याच्यात हलवल्या. मी गॉगल लावून बसू लागलो. क्लॅरनेटवाला चहा दुरूनच ठेवे, त्याले वाटे मी उपग्रह चालवून राह्यलो.

पण रिकामा माणूस किती दिवस सुरक्षित राहीन? बँडचं नाव त्या खिडकीत मोठ्या रंगीत अक्षरांत याव असं वाटलं. एका वेबसाइटवरून तशा हुकुमाची ओळ उचलली अन् खिडकीत चिकटवली. तिच्यासंगं न दिसणारी दुसरी ओळही आली, अन् मी एंटर दाबायच्या आधीच दोघी चालल्या. नाव फार सुंदर उमटलं. तारखा साफ.

करण आला, पाह्यलं अन् म्हणाला, “ब्राउझर तुले निदान विचारे तरी. ही विचारत नाही, हिले वाटते तुले समजते.”

मोहनसिंगभाऊनं आवाजही चढवला नाही. म्हणाले, “एक जरी नवरदेव बिनबँडचा गेला, तं पुढच्या वरातीत घोड्याच्या जागी तू.”

नवरदेवांचे नंबर तं फोनात शाबूत होते, मंग मी फोन घेऊन बसलो. तारीख पक्की आहे ना, एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या, असं मोठ्या ऐटीत म्हणे. लोक खुश झाले, बँडवाला किती काळजी घेते म्हणून. साऱ्या तारखा परत भेटल्या. तवा तुमी निश्चिंत राहा.

मामीले जयभीम, बाकी लहानमोठे ज्याचं त्यानं वाटून घ्या.

तुमचा भाचा
विकास

ता. क. सुकेशनीचं लग्न किती तारखेले आहे? फोनच केला असता, पण तुमचा फोन तीच उचलते, अन् सख्ख्या आतेभावानं तिले हे कोणत्या तोंडानं विचाराव?

ता. क. दुसरा. लग्न होऊन गेलं असंल, तं वाजवलं कोणी तेवढं कळवा. मी घोड्याच्या खोगिरासाठी माझं माप देऊन ठेवतो.