टेकलेली रेघ

प्रिय ताई,
वाकून नमस्कार, आणि रागावू नकोस. लिहायचं रोज उद्यावर ढकलत होतो. फोन केला तर आवाजावरून ओळखशील, म्हणून पत्र.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. आईचा गुडघा कसा आहे? इथे खिडकीत कबुतरानं बिऱ्हाड केलंय. असो.

कॉलेजात गणिताच्या बाईंसाठी मी पडद्यावरची हलती चित्रं बनवतो. एका चित्रात वाकडी रेघ सरळ रेघेच्या जवळ जवळ जाते, पण कधीच टेकत नाही. मला ते अर्धवट वाटलं, म्हणून शेवटी टेकवून टाकली. झकास दिसली! बाईंनी घाईत तशीच वर्गात दाखवली आणि परीक्षेत अख्ख्या वर्गानं ‘टेकते’ असंच लिहिलं.

प्राचार्य ओरडले, "हा प्रताप कुणाचा?" बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि उत्तरपत्रिका उचलून निघून गेल्या. नोकरी जाणार बहुतेक.

भावजी म्हणतील, "निघाली स्वारी पुढच्या गावाला!" पण ताई, पहिल्यांदाच कुठून तरी जावंसं वाटत नाहीये गं. आईला सांगू नकोस.

थांब, दार वाजलं.

बाई आल्यात! माझ्या खोलीवर! बगलेत लॅपटॉप. म्हणतायत, "आधी ती रेघ वर उचल. मग बोलू."

तुझाच,
भटक्या