खाली लिहून येतं ते

३ जून, मंगळवार
आई आल्या. दोन बॅगा आणि एक पिशवी लोकरीची. “महिनाभर राहा,” असं आम्ही म्हणालोय. महिन्याभराने त्या परत जातील असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नाही.

त्यांच्या शेजारणीचा फोन आला होता. दूध गॅसवर ठेवलेलं, भांड्याचा कोळसा झाला, दारावर थापा मारल्या तरी उठल्या नाहीत. विचारावं एक, तर सांगतात भलतंच. नणंदेने लगेच निकाल लावला, “आईचं डोकं काम करेनासं झालंय. तिला एकटं ठेवायचं नाही. ते घर काढून टाकू.” नवरा गप्प बसला. तो गप्प बसतो तेव्हा त्याला पटलेलं असतं.

५ जून
माझी खोली गेली. खोली म्हणजे टीव्ही, आरामखुर्ची आणि माझा गेम. कवळ्यांच्या लॅबमधून आल्यावर स्वयंपाकाला लागेपर्यंतचा तेवढा वेळ माझा. दिवसभर परक्या लोकांचे दात घासूनपुसून बसवण्याजोगे केले की मला तलवार घेऊन डोंगरात जावंसं वाटतं. पण चाळिशी उलटलेल्या सुनेने सासूदेखत राक्षस कसे मारायचे?

नुसतीच भाजी निवडत बसले. “आई, चहा टाकू?” विचारलं. म्हणाल्या, “नको, उद्या धुवू.”

रात्री गॅस बंद आहे ना, ते मी दोनदा बघून आले.

८ जून
राहवलं नाही. त्या पलंगावर डोळे मिटून पडल्या होत्या, म्हणून हेडफोन लावून सुरू केलं. थोड्या वेळाने मागे वळून बघते तर उशीला टेकून बसलेल्या, चष्मा लावून. कानकोंडी झाले. बंद करायला हात पुढे केला तर म्हणाल्या, “थांब गं. ती म्हातारी काय म्हणतेय ते खाली लिहून येतंय, वाचू दे.”

१२ जून
आता संध्याकाळी मी चपला काढायच्या आत आईंची खुर्ची टीव्हीसमोर. विणकाम मांडीवर, नजर पडद्यावर. आणि मतं! कोणाला सोबत घ्यायचं, कोणाला उभं करायचं नाही, सगळं त्याच ठरवतात. आमच्या टोळीतल्या वैदूवर त्यांचा जीव आहे. त्याला पुढे पाठवलं की रागावतात.

आज नदीपाशी एक नावाडी भेटला. पूल पुरात गेला म्हणाला, मीही मान डोलावली. आई म्हणाल्या, “खोटं बोलतोय. याचा भाऊ भेटला नव्हता का वर खिंडीत, मेंढ्या घेऊन? तो म्हणाला होता, पूल आमच्या बापाने तोडला.”

भाऊ? मला भाऊच आठवेना. मागे जाऊन बघितलं. मेंढ्यांसकट होता.

खूप हसलो. मग मी स्वयंपाकघरात आले आणि हातातलं काम थांबलं. हे जिला आठवतं, तिचं डोकं काम करत नाही?

१३ जून
रात्रीच्या जेवणाला पुन्हा तेच. नवऱ्याने विचारलं, “आई, गुरुवारी डॉक्टरकडे जायचं, लक्षात आहे ना?” आई म्हणाल्या, “हो, चांगली शिजलीय.” नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे.

१५ जून
आज नवरा घरी होता. आईंनाही जरा मजा यावी म्हणून मी हेडफोन काढून ठेवले, आवाज चांगला मोठा केला. जंगलातून चाललो होतो. एकाएकी मागून लांडगा गुरगुरला. अशा वेळी खाली काही लिहून येत नाही. माझ्या हातून कंट्रोलर पडला, स्वयंपाकघरातून नवरा “काय झालं?” करत धावत आला.

आईंची सुई हलली नाही. आरामात टाके मोजत होत्या. लांडगा पडद्यावर आला तेव्हा कुठे म्हणाल्या, “अगंबाई.”

 मग मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले, हळूच म्हणाले, “आई, मी तुमचं कपाट आवरू का?” काही नाही. समोर येऊन, तोंड दिसेल असं, तेच विचारलं. “खबरदार,” म्हणाल्या.

नवऱ्याने लगेच फोनवर कानाच्या डॉक्टरचा नंबर शोधायला घेतला.

१६ जून
आईंना सरळ विचारलं. आधी उडवून लावलं. मग रडवेल्या झाल्या. “जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलं मी. नुसत्या श्वासावरून ओळखायचे, पलीकडे कोण आहे. मला ऐकू येत नाही असं कसं सांगू?”

“आणि सगळे म्हणतात तुमची आठवण गेली, ते चाललं?”

“ते कुठे मला ऐकू येत होतं?” म्हणाल्या. आणि हसल्या. मलाही हसू आवरेना, डोळे पुसत हसले.

१९ जून, गुरुवार
आधी कान. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जवळजवळ गेलेलेच. तपासणाऱ्या मुलीने तात्पुरतं यंत्र लावलं तेव्हा आईंनी पहिल्यांदा काय ऐकलं, तर स्वतःच्या साडीची सळसळ. पदर पुन्हा पुन्हा हलवून बघत होत्या.

मग ते यंत्र लावूनच आठवणीचे डॉक्टर. त्यांनी बराच वेळ घेतला. बाहेर नवरा पाय हलवत बसलेला, मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून. डॉक्टर म्हणाले, “वयाच्या मानाने उत्तम आहे. वर्षाने पुन्हा दाखवा, पण आज काळजीचं काही नाही.”

काळजीचं काही नाही. लिहूनही बघावंसं वाटलं.

नवऱ्याने गाडी सुरू केली, पुन्हा बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. आई मागून म्हणाल्या, “अरे, नाक शिंक. सगळं ऐकू येतंय मला.”

२० जून
नणंदेला फोन केला. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. मग म्हणाली, “मी तिच्यावर किती ओरडले, वहिनी.” मी म्हणाले, “त्यातलं फारसं पोचलं नसेल.” घराचा विषय तिने काढला नाही. मीही नाही.

२९ जून
आईंना त्यांचं स्वतःचं कानाचं यंत्र घेऊन दिलं आणि आज पोचवून आलो. स्वतःच्या किल्लीने दार उघडलं त्यांनी, खिडक्या उघडल्या, पाणी दिलं आणि आम्हाला तासाभरात घालवूनही दिलं. शेजारणीला घंटा वाजवायला लावली, दोनदा. दोन्ही वेळा आतून ओरडल्या, “आले.”

परतीच्या वाटेवर खूप हलकं वाटत होतं. खोली परत माझी. तास परत माझा. खरं सांगायचं तर आईंच्या बातमीइतकाच याचाही आनंद झाला.

१ जुलै
हेडफोन लावून बसले. वैदूला चुकून पुढे पाठवला, मेला. कोणी रागावलं नाही. बंद करून भाजी चिरायला घेतली.

६ जुलै, रविवार
आईंचा फोन. “घर विकायला काढतेय मी. तुम्ही म्हणत होता म्हणून नाही, मला इथे करमत नाही म्हणून. तुमच्या खालच्या मजल्यावरची जागा रिकामी आहे ना? घरमालकाला सांगून ठेव. आणि हे बघ, मी येईपर्यंत नदी ओलांडायची नाही.”